राउंड वन की राउंड टू? एका आंतरराष्ट्रीय अर्जदाराच्या वेळापत्रकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

अर्जदार एका जहाज-वाहतूक कंपनीत ऑपरेशन्स सांभाळत होती. इंजिनिअरिंगची पदवी, पाच वर्षांचा अनुभव, नागरिकत्व एका देशाचं आणि नोकरी दुसऱ्याच देशात. एमबीए करून कन्सल्टिंगमध्ये जायचं हे तिचं पक्कं होतं. कुठल्या राउंडला, म्हणजे अर्जाच्या कुठल्या टप्प्यात, अर्ज करायचा, हे मात्र एप्रिल 2024 पर्यंत तिने मनावर घेतलेलंच नव्हतं. ओळख पटू नये म्हणून तिने अर्ज केलेल्या शाळांची नावं आणि काही बारीकसारीक तपशील गाळले आहेत. घटनांचा क्रम आणि महिने मात्र तसेच ठेवलेत, कारण या प्रकरणात सगळं फिरतं ते त्यांच्यावरच.

ज्यांना हे कॅलेंडर पाठ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या बिझनेस स्कूलचा दोन वर्षांचा एमबीए ऑगस्टच्या सुमारास सुरू होतो आणि त्याचे अर्ज आदल्या वर्षीच्या सप्टेंबरपासून घेतले जातात. राउंड वनची मुदत साधारण सप्टेंबरमध्ये आणि निकाल डिसेंबरात. राउंड टूची मुदत जानेवारीत आणि निकाल मार्चच्या शेवटी. राउंड थ्री एप्रिलच्या आगेमागे, निकाल मे महिन्यात. हार्वर्डने तर राउंड थ्री ठेवलेलाच नाही. युरोपात चित्र वेगळं आहे. इन्सियाड या बिझनेस स्कूलचे वर्षाला दोन इंटेक, म्हणजे दोन नव्या तुकड्या असतात, एचईसी पॅरिसचेही सप्टेंबर आणि जानेवारी असे दोन. आयएमडीचा वर्ग जानेवारीत भरतो, ऑक्सफर्ड-केंब्रिजचा एका वर्षाचा एमबीए सप्टेंबरच्या सुमारास. म्हणजे ‘यंदाची सायकल’ असं आपण एका दमात म्हणतो खरं, पण प्रत्यक्षात चार-पाच कॅलेंडरं एकमेकांवर चढलेली असतात.

तिच्या यादीत पाच शाळा होत्या. चार अमेरिकेतल्या, एक ब्रिटनमधली. लक्ष्य ऑगस्ट-सप्टेंबर 2025.

पेच काय होता

एप्रिलमध्ये तिने जीमॅट ही एमबीएची प्रवेशपरीक्षा दिली, 605 आले. जुलैमध्ये पुन्हा दिली, 615. ज्या शाळा तिच्या डोळ्यासमोर होत्या त्यांच्यासाठी हा आकडा तोकडा होता. नव्या जीमॅटमधले 645 म्हणजे जुन्या परीक्षेतले साधारण 700, यावरून अंदाज यावा.

दोन परीक्षांमध्ये जवळजवळ तीन महिने गेले आणि दहाच गुण वाढले, हे बघून आधी कारण शोधायला हवं होतं. ते सापडलं, पण ऑगस्टमध्ये. ती एका सहकाऱ्याकडून मिळालेल्या जुन्या पुस्तकांवर अभ्यास करत होती. नोव्हेंबर 2023 मध्ये जीमॅटची नवी आवृत्ती आली आणि जानेवारी 2024 च्या अखेरीस जुनी बंद झाली. नव्या परीक्षेत क्वांट (गणित), व्हर्बल (भाषा) आणि डेटा इनसाइट्स (तक्ते-आलेख) असे 45-45 मिनिटांचे तीन विभाग आहेत आणि एकूण गुणांत तिघांचा वाटा सारखाच. जुन्या परीक्षेतला तक्त्या-आलेखांचा विभाग 800 पैकीच्या गुणांत धरलाच जात नसे, त्यामुळे त्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालून जायचं. तिने त्याच सवयीने डेटा इनसाइट्स बाजूला ठेवलं होतं आणि सगळा जोर क्वांटवर लावला होता, जिथे ती आधीपासूनच चांगली होती.

याच सुमारास ऑफिसमध्येही हालचाल सुरू होती. ऑक्टोबरपासून एका बंदराचं काम तिच्या हाताखाली येणार, हे तोंडी ठरलं होतं. पत्र अजून हातात नव्हतं. म्हणजे सप्टेंबरमध्ये अर्ज केला तर ‘टीममधली एक’ आणि जानेवारीत केला तर ‘टीमची प्रमुख’. एसेसाठी, म्हणजे अर्जासोबतच्या निबंधासाठी, हा फरक लहान नाही.

सल्ल्यासाठी ती माझ्याशी बोलली तेव्हा तिचा प्रश्न सरळ होता: राउंड वनला जाऊ की थांबू? माझ्या मते प्रश्नाची मांडणीच अपुरी होती. स्थानिक विद्यार्थ्याला राउंड म्हणजे फक्त अर्जाची मुदत. परदेशी विद्यार्थ्याला अ‍ॅडमिटनंतर, म्हणजे प्रवेश मिळाल्यावर, फंडिंगचे कागद, अमेरिकेची आय-ट्वेंटी किंवा ब्रिटनचं कॅस (व्हिसासाठी लागणारा शाळेचा प्रवेशाचा दाखला), व्हिसाची फी, मुलाखतीचा स्लॉट, पासपोर्ट परत येणं, असा आणखी एक डोंगर चढायचा असतो. त्यामुळे मोजणी वर्ग सुरू होण्याच्या दिवसापासून मागे यायला हवी. ती सप्टेंबरपासून पुढे मोजत होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, सगळे अर्ज राउंड वनला. ‘लवकर जाणाऱ्याला जागा जास्त’ हे वाक्य तिने इतक्या जणांकडून ऐकलं होतं की ते तिला नियमच वाटू लागलं होतं. राउंड वनमध्ये निवडीचं प्रमाण चांगलं दिसतं ते बऱ्याच अंशी त्या राउंडला तयारीची माणसं येतात म्हणून. कच्चा अर्ज लवकर टाकल्याने पक्का होत नाही. आणि बहुतेक शाळांमध्ये एका सायकलमध्ये एकदाच अर्ज करता येतो. सप्टेंबरमध्ये नकार आला तर जानेवारीत त्याच शाळेचं दार बंद. पुढच्या वर्षी जायचं ते रीअप्लिकंट म्हणून, जुना अर्ज फायलीत असताना.

वेळही कमी होता. शाळा एसेचे प्रश्न उन्हाळ्यात जाहीर करतात. 2024 मध्ये हार्वर्डने आपला 900 शब्दांचा एकच एसे काढून तीन छोटे प्रश्न आणले, तेव्हा आधीपासून मसुदा लिहून ठेवलेल्या कित्येकांना पाटी पुसावी लागली. प्रश्न हाती आल्यापासून राउंड वनपर्यंत दोन-अडीच महिने उरतात आणि ती त्याच काळात जीमॅटशीही झुंजत होती.

दुसरा पर्याय, सगळं राउंड टूला. तिसऱ्या जीमॅटला वेळ मिळाला असता (दोन प्रयत्नांत 16 दिवसांचं अंतर लागतं, तेवढ्यावर भागण्यासारखं होतं), बढतीचं पत्र हातात आलं असतं. मार्चअखेर निकाल लागला तर व्हिसासाठी चार महिने. तेवढे पुरतात, हातावर हात ठेवून बसलं नाही तर.

तिसरा, अर्ज विभागायचे. एक-दोन राउंड वनला, बाकी नंतर. कागदावर हा शहाणपणाचा वाटतो. धोका असा की निकाल वेगवेगळ्या महिन्यांत येतात आणि एका शाळेच्या डिपॉझिटची मुदत दुसरीच्या निकालाआधी संपते.

चौथा, राउंड थ्री. यावर फार वेळ घालवला नाही. जागा उरलेल्या, स्कॉलरशिपचे पैसे बहुतांश वाटून झालेले आणि मेमध्ये अ‍ॅडमिट मिळून ऑगस्टपर्यंत व्हिसा. अनेक शाळाच परदेशी अर्जदारांना राउंड टूपर्यंत या असं सांगतात. अ‍ॅडमिट घेऊन एक वर्ष पुढे ढकलू म्हणावं तर बहुतेक शाळा ते अगदी अपवादात्मक कारणांशिवाय मान्य करत नाहीत.

पाचवा पर्याय तिच्या डोक्यातच नव्हता: युरोपातला जानेवारी 2026 चा इंटेक. त्याचे अर्ज 2025 मध्ये, म्हणजे अमेरिकेचे निकाल कळल्यावरही करता येणार होते. राउंड थ्रीला जे लोक ‘शेवटची संधी’ म्हणून जातात त्यांनी आधी ही खिडकी बघावी. इन्सियाडच्या जानेवारी इंटेकला मध्ये उन्हाळी इंटर्नशिपची जागाही असते, आणि क्षेत्र बदलू पाहणाऱ्याला तीच तर हवी असते.

एक वर्ष पूर्ण थांबणं हा सहावा. जीमॅटचे गुण पाच वर्षं चालतात, त्यामुळे त्या बाजूने घाई नव्हती. पण तिला ते नको होतं आणि तिची कारणं घरगुती होती. त्यात मी पडलो नाही.

प्रत्यक्षात काय केलं

माझं मत होतं की सप्टेंबरमध्ये एकही अर्ज टाकू नये. तिने एक टाकला. तोही यादीतल्या सर्वांत आवडत्या शाळेला, 615 गुणांवर. ‘तिथे सरासरीपेक्षा कमी गुणांचीही मुलं घेतात,’ हा तिचा युक्तिवाद. घेतात हे खरं आहे. पण तशी मुलं बाकीच्या अर्जात काहीतरी भारी घेऊन येतात आणि तिचं भारी ते ऑक्टोबरमध्ये मिळणार होतं.

तिसरी जीमॅट ऑक्टोबरच्या मध्यात झाली. आधीचे सहा आठवडे तिने जवळजवळ फक्त डेटा इनसाइट्स केलं. 655 आले. बढतीचं पत्रही त्याच महिन्यात मिळालं.

मग रेकमेंडेशनचा प्रश्न. बहुतेक शाळांना दोन पत्रं लागतात आणि त्यातलं एक सध्याच्या थेट वरिष्ठाचं असलं तर बरं दिसतं. तिचे वरिष्ठ भला माणूस, पण वर्षअखेरच्या हिशेबात बुडालेले. नोव्हेंबरमध्ये ती त्यांच्याकडे गेली तेव्हा ते म्हणाले, “तूच लिहून आण ना, मी वाचून अपलोड करतो. तुझं काम तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे?”

अशा वेळी बहुतेक जण सुटकेचा श्वास टाकतात. शाळांना हे चालत नाही, पत्र लिहिणाऱ्याने स्वतःच लिहायचं असतं, आणि अर्जावर सही करताना आपण ते मान्य केलेलं असतं. नियम बाजूला ठेवला तरी दुसरी अडचण आहेच: एसे आणि पत्र एकाच हाताचं असलं की वाचणाऱ्याला ते कळतं. तिने त्यांना नम्रपणे सांगितलं, “सर, पत्र तुम्हीच लिहा. मी फक्त आठवण करून देणारा एक कागद देते.” तो कागद मी पाहिला. एका पानावर चार प्रसंग. प्रत्येकाखाली तारीख, तिने काय केलं, आणि त्या वेळी साहेबांनी स्वतः दिलेली प्रतिक्रिया. विशेषण एकही नाही. चौथा प्रसंग तर तिच्या चुकीचा होता: कंटेनरच्या यादीत घोळ झाला होता, साहेबांनी तिला सुनावलं होतं आणि तिने पुढे तपासणीची पद्धत बदलली होती. पत्राच्या ठरावीक प्रश्नांत ‘तुम्ही उमेदवाराला दिलेला सर्वांत महत्त्वाचा रचनात्मक अभिप्राय कोणता’ अशा अर्थाचा एक प्रश्न असतो. तिथे बहुतेक वरिष्ठ अडखळतात आणि काहीतरी गुळगुळीत लिहून मोकळे होतात. यांच्याकडे सांगायला खरी गोष्ट होती. तीन अमेरिकन शाळांनी जवळपास सारखेच प्रश्न विचारले होते, त्यामुळे त्यांचं कामही एकदाच झालं.

ब्रिटनच्या शाळेचा अर्ज तिने नोव्हेंबरच्या टप्प्यात पाठवला. अमेरिकेतले उरलेले तीन जानेवारीत गेले, राउंड टूला. डिसेंबरात आवडत्या शाळेचा निकाल आला: वेटलिस्ट. नकार नाही म्हणून ती खूश झाली. मी नाही. वेटलिस्टवरच्या माणसाला नवे गुण आणि बढती कळवता येतात, तिने ते कळवलंही, पण आता तिची फाइल राउंड टूच्या सगळ्या नव्या फायलींसोबत मोजली जाणार होती. म्हणजे स्पर्धा राउंड टूचीच, आणि एसे मात्र सप्टेंबरचे.

डिपॉझिटचा पेच

जानेवारीच्या मध्यात ब्रिटनची अ‍ॅडमिट आली. डिपॉझिट काही हजार पौंड, परत न मिळणारं, मुदत फेब्रुवारीच्या मध्याची. अमेरिकेचे निकाल मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. सहा आठवड्यांची दरी.

तिने शाळेला ईमेल पाठवला. त्याचा पहिला मसुदा दीड पानांचा होता: शाळेची स्तुती, घरची परिस्थिती, सगळं. शेवटी गेला तो चार ओळींचा. प्रवेश दिल्याबद्दल आभार, आणखी काही शाळांचे निकाल मार्चअखेर आहेत ही उघड कबुली, तोवर मुदत वाढवता येईल का ही विचारणा, आणि पूर्ण वाढ शक्य नसेल तर निदान किती दिवस मिळतील हा प्रश्न. दोन आठवडे मिळाले. दरी चार आठवड्यांवर आली, भरली नाही.

इथे तीन वाटा होत्या. डिपॉझिट भरायचं आणि नंतर गरज पडली तर सोडून द्यायचं. ब्रिटनची जागा सोडून अमेरिकेवर सगळं लावायचं. किंवा ब्रिटनला पक्कं हो म्हणून विषय संपवायचा.

तिसऱ्या वाटेत बरंच तथ्य होतं. एकच वर्ष, त्यामुळे एकूण खर्च कमी, पगाराविना जाणारा काळही कमी. पण एका वर्षाच्या अभ्यासक्रमात सहसा उन्हाळी इंटर्नशिप नसते. ऑपरेशन्समधून कन्सल्टिंगमध्ये उडी मारणाऱ्याला ती इंटर्नशिप म्हणजे नोकरीचा उंबरठा. शिवाय शिक्षणानंतरच्या कामाच्या परवानगीचा हिशेब. ब्रिटनचा ग्रॅज्युएट रूट त्या वेळी दोन वर्षांचा होता (तो 18 महिन्यांवर आणायचा प्रस्ताव मे 2025 मध्ये आला, म्हणजे तिच्या निर्णयानंतर). अमेरिकेत ओपीटी 12 महिन्यांची, आणि अभ्यासक्रम स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) मोडत असेल तर आणखी 24 महिने. तिच्या यादीतल्या दोन शाळांना स्टेमचा दर्जा होता. त्यापुढचा एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा लॉटरीवर अवलंबून, त्यामुळे लॉटरीत किती वेळा नाव टाकता येईल हे या 24 महिन्यांवर ठरतं.

तिने डिपॉझिट भरलं. आधी ऑफर लेटरच्या अटी नीट वाचल्या, कारण काही शाळा डिपॉझिट भरल्यावर बाकीचे अर्ज मागे घ्या अशी अट घालतात. इथे तशी अट नव्हती. असती तर भरून गप्प बसणं सरळ सरळ खोटेपणा ठरला असता आणि मी तसा सल्ला दिला नसता.

पैसे वाया जाण्याची शक्यता अर्ध्याहून जास्त होती, हे दोघांनाही दिसत होतं. तरी त्या दिवशी हातात असलेल्या माहितीवर तो निर्णय योग्यच होता असं मला वाटतं. तेव्हा तिच्याकडे दुसरी एकही पक्की जागा नव्हती.

व्हिसाचे आठवडे

फेब्रुवारीतच तिने आणखी एक गोष्ट केली. अमेरिकेची एकही अ‍ॅडमिट नसताना तिने फंडिंगचे कागद गोळा करायला घेतले. आय-ट्वेंटी देण्याआधी शाळेला पहिल्या वर्षाच्या पूर्ण खर्चाची तजवीज दाखवावी लागते आणि महागड्या शाळांमध्ये तो आकडा एक लाख डॉलरच्या पुढे जातो. अमेरिकन सरकारी शैक्षणिक कर्ज परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाही. मग स्वतःची बचत, घरच्यांची बँकेची पत्रं, आणि परदेशी विद्यार्थ्यांना सहकर्जदाराशिवाय कर्ज देणाऱ्या संस्था. तिने अशा दोन संस्थांकडे आधीच चौकशी केली, कोणते कागद लागतील ते विचारून घेतलं. वडिलांच्या खात्याचं बँक-पत्र मिळायलाच तीन आठवडे गेले, कारण पहिल्या पत्रावर चलन लिहिलेलं नव्हतं आणि दुसऱ्यावर नावाचं स्पेलिंग पासपोर्टपेक्षा वेगळं होतं. असल्या गोष्टी एप्रिलमध्ये झाल्या की जीव जातो. फेब्रुवारीत नुसता वैताग येतो.

मार्चच्या शेवटी निकाल लागले. एक अ‍ॅडमिट, अर्धवट स्कॉलरशिपसह, स्टेमचा दर्जा असलेल्या शाळेकडून. दोन नकार. तिने दोन दिवसांत ब्रिटनच्या शाळेला कळवलं, वेटलिस्टमधूनही नाव काढून घेतलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फंडिंगचे कागद अपलोड झाले, मेच्या सुरुवातीला आय-ट्वेंटी आली. सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) 350 डॉलर फी, मग डीएस-160 हा व्हिसाचा अर्ज, मग व्हिसा फी, आणि मेच्या मध्यात तिने स्लॉट घेतला: जूनच्या दुसऱ्या आठवड्यातला.

त्यानंतर जे घडलं ते कोणाच्याच वेळापत्रकात नव्हतं. 22 मे 2025 ला अमेरिकन सरकारने हार्वर्डचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवाना रद्द केला आणि दुसऱ्याच दिवशी न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. 27 मे रोजी जगभरातल्या वकिलातींना विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती देणं थांबवायला सांगण्यात आलं. आधीच ठरलेल्या मुलाखती होणार होत्या. नवे स्लॉट 18 जूनला पुन्हा सुरू करायचं जाहीर झालं, तेही अर्जदारांची सोशल मीडिया खाती तपासण्याच्या अटीसह.

तिची मुलाखत ठरल्या दिवशी झाली, पासपोर्टही महिनाअखेर परत आला.

याच शाळेत, याच राउंडला, त्याच दिवशी अ‍ॅडमिट मिळालेला तिच्या ओळखीचा एक जण होता. गुण तिच्यापेक्षा जास्त, स्कॉलरशिपही. त्याने एप्रिल महिनाभर जास्त स्कॉलरशिपसाठी शाळेशी बोलणी केली आणि फंडिंगचे कागद बोलणी संपल्यावर पाठवले. आय-ट्वेंटी मेच्या चौथ्या आठवड्यात आली. फी भरून स्लॉट घ्यायला बसला तेव्हा पोर्टलवर तारखाच नव्हत्या. मुलाखत जुलैच्या अखेरीला झाली, तो वर्ग सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात पोचला, प्री-टर्म, म्हणजे मुख्य वर्गांआधीचे तयारीचे वर्ग, हुकली. बोलणी करणं चूक नव्हतं. कागद आधी पाठवून, स्कॉलरशिप वाढली तर आय-ट्वेंटी सुधारून घेता आली असती.

राउंड थ्रीचे अर्जदार त्या मे महिन्यात कुठे होते? बरेचसे निकालाची वाट बघत. त्यांच्याकडे स्लॉट घ्यायला आय-ट्वेंटीच नव्हती.

निकाल

ऑगस्ट 2025 मध्ये ती रुजू झाली. आय-ट्वेंटीवरच्या तारखेच्या 30 दिवस आधीपर्यंत देशात शिरता येतं, त्यातले जवळजवळ सगळे दिवस तिने वापरले. घर शोधलं, बँकेचं खातं उघडलं, प्री-टर्मचे वर्ग केले. अमेरिकेत इंटर्नशिपच्या भरतीच्या भेटीगाठी वर्ग सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच लागतात, तेव्हा हा वेळ कामी आला. ब्रिटनचं डिपॉझिट गेलं.

वेगळं काय करता आलं असतं

आवडती शाळा राउंड वनला वापरणं हा मला यातला सर्वांत महाग निर्णय वाटतो, डिपॉझिटपेक्षा महाग. जानेवारीत 655 आणि बढतीसह गेली असती तर तिथे मिळालं असतंच असं म्हणता येत नाही, एका प्रकरणावरून ते कोणालाच सांगता येणार नाही. पण सप्टेंबरचा अर्ज हा तिचा सर्वोत्तम अर्ज नव्हता, हे तिला तेव्हाही माहीत होतं. राउंड वनला जायचंच होतं तर यादीतल्या खालच्या शाळेला जायला हवं होतं, किंवा कुणालाच नाही. यावर तिचं मत आजही वेगळं आहे. तिचं म्हणणं, सप्टेंबरचा तो अर्ज लिहिल्यामुळे जानेवारीचे तीन चांगले झाले. शक्य आहे. पण मसुदा लिहायला अर्ज पाठवावा लागत नाही.

डिपॉझिटचा पेच फेब्रुवारीत दिसला, पण तो पडला नोव्हेंबरमध्ये, ब्रिटनच्या अर्जाचा टप्पा निवडताना. त्या शाळेचा पुढचा टप्पा जानेवारीत होता आणि त्याचा निकाल मार्चमध्ये आला असता. तिने अर्जाच्या मुदती एका तक्त्यात मांडल्या होत्या. निकालाच्या आणि डिपॉझिटच्या तारखांचे रकाने त्यात नव्हते. ते दोन रकाने असते तर ही निवड पाच मिनिटांत झाली असती आणि काही हजार पौंड वाचले असते. अर्थात, पुढच्या टप्प्यात स्कॉलरशिपची शक्यता कमी होते असा प्रतिवाद करता येतो. ब्रिटनची शाळा तिची पहिली पसंती असती तर तो मी मानला असता.

वरिष्ठांशी बोलायला नोव्हेंबर उशिराचा होता. जूनमध्ये नुसतं कानावर घातलं असतं तरी पुरलं असतं. ती कचरली, कारण एमबीएचं कळलं तर बढती अडेल अशी भीती होती. ही भीती निराधार नाही आणि यावर सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर माझ्याकडे नाही. काही जण अशा वेळी आधीच्या वरिष्ठांकडून पत्र घेतात आणि अर्जातल्या ऐच्छिक रकान्यात कारण दोन ओळींत लिहितात. शाळांना ते समजतं.

जीमॅटबद्दल एकच. एप्रिलच्या निकालानंतर तिने विभागवार गुण नीट पाहिले असते तर 655 जुलैमध्येच येऊ शकले असते. तसं झालं असतं तर राउंड वन हा खरोखर विचार करण्याजोगा पर्याय ठरला असता आणि वरची निम्मी चर्चा करावीच लागली नसती.

इन्सियाडच्या जानेवारी इंटेकचा फॉर्म तिने मार्चमध्ये अर्धा भरून ठेवला होता, अमेरिकेचे तिन्ही नकार आले तर म्हणून. तो पाठवायची वेळ आली नाही.